सहाशे मिलिमीटरचा हट्ट

माझ्या पहिल्या टेलिफोटो लेन्सने काढलेला पहिला बरा फोटो एका कानाचा आहे. उजवा कान. घामाने चमकणारा, पाळीला माती लागलेली, मागे कुणाच्या तरी निळ्या जर्सीचा धूसर पट्टा. कानावरची लव मोजता येईल इतका स्पष्ट. या कानाचा मालक म्हणजे माझा मामेभाऊ. फोटोच्या त्या क्षणी तो दोघांच्या पकडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावत होता. हात, रेषा, त्याच्या पायाला लोंबकळणारा बचावपटू, हे सगळं फोटोच्या बाहेर राहिलं.

शेगावपासून जवळच्या एका गावात रात्रीचे कबड्डीचे सामने होते. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो आणि आठवडाभरापूर्वीच सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी लेन्स घेतली होती. नोकरीला लागल्यापासून साठवलेल्या पैशांतून. बाबांनी किंमत ऐकली, डबा उघडून आतलं नळकांडं बघितलं आणि एवढंच म्हणाले, "एवढ्या पैशात तं बैलजोडी आली असती." मी मनात म्हटलं, उद्या फोटो बघा, मग बोला.

सामना संपल्यावर भाऊ कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर एकेक फोटो बघत गेला. कान, कोपर, कुणाची तरी मान, हललेली मांडी. "दादा, साऱ्या मॅचमदी तुले माहा कानच दिसला काय?"

तेव्हा हसलो. पण तो त्याचा सगळ्यात चांगला हंगाम होता आणि पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. त्या हंगामातले माझ्याकडे एकशे चाळीस फोटो आहेत आणि एकातही तो अख्खा नाही.

लेन्स वाईट नव्हती. ती निवडण्याची माझी पद्धत चुकीची होती, आणि ती मी ज्यांच्याकडून शिकलो ते सगळे जवळजवळ तशीच निवड करायला सांगतात. म्हणून हा लेख.

परीक्षणं कुठे बघितली जातात आणि कुठे काढली जातात

टेलिफोटो लेन्स घ्यायच्या आधी आपण काय करतो? रात्री जेवण झाल्यावर यूट्यूबवर 'अमुक विरुद्ध तमुक' बघत बसतो. मी दीड वर्ष बघितलं. या व्हिडिओंचा साचा ठरलेला असतो. एक माणूस तळ्याकाठी उभा. मऊ, स्वच्छ, थंड ऊन. पाणपक्षी माणसांना इतके सरावलेले की दहा मीटरवर निवांत बसलेत. मग दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवून पिसांवर चारशे टक्के झूम. कोपऱ्यात कुठली लेन्स जास्त तीक्ष्ण, काठाला जांभळी रेघ कुणाची जास्त. शेवटी निकाल: हिच्यात सहाशे मिलिमीटर आहे, तिच्यात पाचशेच. आणखी शंभर कुणाला नको असतात?

या तुलनेत खोटं काही नसतं. फक्त ती लेन्सची लेन्सशी तुलना असते. लेन्स जिथे वापरली जाणार त्या जागेशी तुलना कुणी करत नाही. माझी जागा म्हणजे हॅलोजन आणि एलईडीच्या मिश्र उजेडातलं कबड्डीचं मैदान, ज्ञानगंगा अभयारण्यातली पहाट, आणि एप्रिल-मे महिन्यात डांबर वितळवणारं वऱ्हाडातलं ऊन. पिसांवर चारशे टक्के झूम करण्याची वेळ यातल्या कुठेच माझ्यावर आली नाही.

कबड्डीचंच गणित बघू. ते मी फोटो बिघडल्यावर केलं, म्हणजे नेहमीसारखं प्रॉडक्शनमध्ये बग सापडल्यावर. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर क्रॉप आहे, सुमारे २४ बाय १६ मिलिमीटर. खेळाडू पाच मीटरवर आणि लेन्स ६०० वर असेल तर चौकटीत मावते २० बाय १३ सेंटिमीटर जागा. वहीचं पान. कान आला यात लेन्सचा काही दोष नाही. बरं, मागे आणून १५० वर ठेवली असती तर? ७८ बाय ५२ सेंटिमीटर. आता डोकं आणि खांदे येतात, पाय तरीही बाहेर. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं आणि फोटो काढणारा त्याच्या काठाला टेकलेला असतो. तिथे लागते ७० ते २०० मिलिमीटरची लेन्स. ७० वर हीच जागा १६८ बाय १११ सेंटिमीटर होते आणि झेपावणारा माणूस हातापायांसकट आत येतो.

लेन्सच्या बाहुलीबद्दल

आता थोडं भौतिकशास्त्र. लेन्सवर एफ/६.३, एफ/२.८ असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे एक भागाकार: लेन्सची फोकल लांबी भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. म्हणजे उलटं केलं तर छिद्राचा व्यास काढता येतो. सहाशेला ६.३ ने भागा, ९५ मिलिमीटर येतात. सिग्मा कंटेम्पररीला फिल्टरही ९५ मिलिमीटरचाच लागतो. या छिद्राला मी इथे बाहुली म्हणतो, डोळ्याची असते तशी.

ज्याच्या जवळ जाता येत नाही असा प्राणी किंवा खेळाडू समोर असेल, तर त्याच्याकडून निघालेला किती उजेड तुमच्या कॅमेऱ्यात शिरणार हे बाहुलीच्या क्षेत्रफळावर ठरतं. फोनमधल्या टेलिफोटोची बाहुली साधारण पाच-सहा मिलिमीटरची असते. माझ्या लेन्सची ९५. क्षेत्रफळात हा फरक सुमारे तीनशे पटींचा आहे. फोनवर '१००एक्स' लिहिलेलं असूनही झाडावरचा बिबट्या मेणाच्या पुतळ्यासारखा का दिसतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं म्हणजे नसलेली पिसं आणि केस सॉफ्टवेअर कल्पनेने भरतं. हा उद्योग माझ्याच व्यवसायातली माणसं करतात, म्हणून जास्त बोलत नाही.

बाहुलीची मोजपट्टी लावली की जाहिरातींमधली बरीच भांडणं विरघळतात. निकॉनची २००-५०० एफ/५.६ ही २०१५ साली आलेली, जंगलात जाणाऱ्यांची लाडकी लेन्स. ५०० भागिले ५.६, म्हणजे ८९. कॅननने २०२३ मध्ये २००-८०० आणली. तिचा टोकाचा आकडा एफ/९. यावर लोकांनी भरपूर विनोद केले: नऊ म्हणजे काय, दुपारी बाराला वापरायची लेन्स का? पण ८०० भागिले ९ केलं तरी ८९ च येतात. त्याच फांदीवरच्या त्याच वेड्या राघूकडून दोन्ही लेन्स सारखाच उजेड गोळा करतात. एक तो जास्त जागेवर पसरवते, दुसरी कमी जागेवर. ५०० चा फोटो कापून ८०० एवढा केला की रवाळपणा साधारण तितकाच. निकॉनचीच ५०० एफ/५.६ पीएफ घ्या. बाहुली पुन्हा ८९. पण वजन १४६० ग्रॅम, तर २००-५०० चं २३०० ग्रॅम. म्हणजे तिथे तुम्ही पैसे मोजता ते मानेसाठी आणि झटपट फोकससाठी, उजेडासाठी नाही. झूम गमावता ते वेगळंच.

आणखी गंमत. कॅननची आरएफ ६०० एफ/११ फक्त ९३० ग्रॅमची आहे आणि आपल्यासारख्यांच्या खिशाकडे बघून काढलेली आहे. तिची बाहुली ५५ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. कबड्डीसाठी म्हटलेल्या ७०-२०० एफ/२.८ ची २०० वर ७१ भरते. दूरच्या पक्ष्याकडून ही 'आखूड' लेन्स त्या सहाशेपेक्षा जास्त उजेड घेते! अर्थात २०० चा फोटो ६०० एवढा कापला तर पिक्सेल नऊपट कमी होतात. २४ मेगापिक्सेलचे पावणेतीनच्या आत येतात. भिंतीवर लावायला हे कमी आहे. पण आपले बहुतेक फोटो जातात कुठे? इन्स्टाग्रामची उभी पोस्ट १०८० बाय १३५० पिक्सेलची असते, म्हणजे दीड मेगापिक्सेलसुद्धा नाही. आपण फोनवर दाखवण्यासाठी होर्डिंगच्या हिशोबाने लेन्स घेतो.

बाहुली आणखी एक गोष्ट ठरवते, ती म्हणजे मागचा गोंधळ किती विरघळणार. पार्श्वभूमी खूप दूर असेल तर तिथला प्रकाशाचा ठिपका फुगून, खेळाडूच्या जागी मोजला तर, बरोबर बाहुलीएवढा होतो. कबड्डीत मागे कायम एक पुढाऱ्याचा बॅनर असतो. तो तितका दूर नसतो, म्हणून पूर्ण फुगत नाही, पण मोठ्या बाहुलीपुढे पुढाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही हे नक्की.

या मोजपट्टीत एक खोच आहे, आणि मी आपटलो तो तिथेच. बाहुली झूमच्या टोकाला मोजून उपयोग नाही. तुम्ही प्रत्यक्ष जिथे वापरणार तिथे मोजायची. कबड्डीत मला जास्तीत जास्त १५० लागत होते. १५० वर माझी लेन्स एफ/५ असते, म्हणजे बाहुली ३० मिलिमीटर. ७०-२०० एफ/२.८ ची तिथेच ५४. उजेड तिपटीहून जास्त. तिच्यावर आयएसओ ३२०० ला जो फोटो १/१००० सेकंदात निघतो, त्यासाठी माझ्या लेन्सला १०,००० लागतो. क्रॉप सेन्सरवर १०,००० म्हणजे चेहऱ्यावर ज्वारीचं पीठ. आणि यात लेन्सवर लिहिलेला स्थिरीकरणाचा दावा कामाला येत नाही. ओएस, व्हीसी, व्हीआर, आयएस, नाव काहीही असो, ते तुमचा हात थरथरला तर सावरतं. समोरचा माणूस उडी मारतोय, त्याला थांबवत नाही.

ज्ञानगंगेतली पहाट आणि दुपार

जंगलात तरी सहाशे कामाला येईल, अशी आशा होती. ती अर्धी खरी ठरली.

शेगावहून खामगाव आणि तिथून बुलढाण्याच्या रस्त्याला लागलं की ज्ञानगंगा अभयारण्य सुरू होतं. जंगल सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं, शुष्क पानगळीचं. बिबटे, अस्वलं, रोही. (नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात.) हिवाळ्यात, सूर्य अजून टेकडीमागेच असताना, एक अस्वल रस्त्यापासून पन्नासेक मीटरवर वारूळ उकरत होतं. सहाशेवर दीड मीटरचं अस्वल माझ्या चौकटीचा पाऊण भाग भरतं. पल्ला अगदी योग्य. पण काळं अस्वल, काळी सावली, एफ/६.३. फोकसला धरायला कडाच सापडेना. लेन्स पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिली. भाषेच्या पेपरला गणिताचं पुस्तक वाचून आलेल्या पोरासारखी. तेवढ्यात अस्वल गेलं. हाती लागले ते अकरा फोटो, आयएसओ १२,८००, शटर १/६० आणि अस्वलाच्या आकाराचं एक गाठोडं.

इथे ६०० एफ/४ असती तर? बाहुली १५० मिलिमीटर. उजेड माझ्या अडीचपट. फरक पडला असता. पण तीन किलोच्या आसपासच्या त्या लेन्सना दहा लाखांच्या वर मोजावे लागतात, आणि मग बाबा बैलजोडी नाही, ट्रॅक्टर म्हणाले असते.

त्याच दिवशी दुपारी मोकळ्या माळावर दोनशे मीटरवर रोही दिसला. ऊन लख्ख. आता उजेडाची तक्रार नाही. आयएसओ ४००, शटर १/२०००, सगळं पुस्तकाप्रमाणे. फोटो मोठा करून बघितला तर रोही पाण्याच्या तळाशी उभा असल्यासारखा. कडा लहरत होत्या, डोळा कुठे ते कळत नव्हतं. मला वाटलं लेन्स बिघडली. बिघडलं होतं ते मधल्या हवेत. जमीन तापली की तिच्यावर गरम-थंड हवेचे गोळे उठतात, प्रत्येक गोळा उजेडाला किंचित वाकवतो, आणि लेन्स जितकी लांब तितकं ते वाकणं मोठं दिसतं. याला मॉडेलचा इलाज नाही. लाखाची असो की पंधरा लाखांची, हवा सगळ्यांना सारखी. उलट टेलिकन्व्हर्टर लावून पल्ला वाढवला की लहरीही तेवढ्याच वाढतात, आणि १.४ चा कन्व्हर्टर अर्धा उजेड खातो, दोनाचा पाऊण, हा वर दंड. तेव्हाच होती ही गत, तर मे महिन्यात अकोल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा सकाळी नवानंतर ६०० मिलिमीटर हा आकडा कागदावरच राहतो. मी बघितलेल्या एकाही व्हिडिओत याची टेबलवर चाचणी नव्हती. थंड देशातल्या परीक्षकाला ती सुचणार तरी कशी?

मग जंगलासाठी निवड कशी करायची? माझं मत असं. डीएसएलआर असेल आणि पैसे बेताचे असतील तर सिग्मा कंटेम्पररी (१९३० ग्रॅम) आणि टॅमरॉनची १५०-६०० जी२ (२०१० ग्रॅम) यांच्यात डोकं खाजवत बसू नका, जी चांगल्या अवस्थेत जुनी मिळेल ती घ्या. सिग्माचीच 'स्पोर्ट्स' २८६० ग्रॅमची आहे. धुळीपावसापासून जास्त बंदिस्त, पण बाहुली तीच ९५. नुसत्या फरकाच्या वजनात कॅननची ती ६०० एफ/११ बसते. कॅननची १००-४०० ची दुसरी आवृत्ती मला आजही सगळ्यात शहाणी लेन्स वाटते. दीड किलोच्या थोडी वर, आणि एक मीटरच्या आतली चतुरसुद्धा टिपते. म्हणजे वाघ नाही दिसला तरी दिवस फुकट जात नाही, आणि वाघ बहुतेक दिवशी दिसत नाही. मिररलेस घेणार असाल तर सोनीची २००-६०० किंवा निकॉनची झेड १८०-६००. दोन्ही झूम करताना लांब होत नाहीत. ही सोय वाटते त्यापेक्षा मोठी आहे. लांब होणारी लेन्स प्रत्येक वेळी भात्यासारखी हवा आत ओढते, आणि आमच्याकडची हवा म्हणजे अर्धी काळी माती. शिवाय या दोघींचं झूम मनगटाच्या एका वळणात टोकापासून टोकापर्यंत जातं. निकॉनच्या जुन्या २००-५०० ला मध्ये पकड बदलावी लागते, तोवर पक्षी पुढच्या तालुक्यात.

ट्रायपॉड जीपमध्ये उपयोगाचा नाही. आईने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून दिली, त्यात अडीच किलो ज्वारी भरली. खिडकीवर ठेवून त्यावर लेन्स. विकत मिळणाऱ्या बीन बॅगपेक्षा काही कमी नाही. फक्त पावसाळ्यानंतर उघडून बघा.

लांब लेन्स आणि लांब राहणं

टेलिफोटोच्या बाजूने बोलायचं तर माझ्या मते तिचा खरा गुण फोटोत दिसतच नाही. ती तुम्हाला मागे थांबू देते. अस्वल पन्नास मीटरवर होतं आणि त्याने आमच्याकडे मानसुद्धा वळवली नाही.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते आठवत असेल. गोठणगावच्या बाजूला 'एफ-२' वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते आणि सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून त्यांची वाट अडवली. व्हिडिओ पसरला, वाहनचालक आणि गाइडवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो व्हिडिओ मी बऱ्याच वेळा बघितला. फोनच्या नेहमीच्या भिंगातून तीस मीटरवरचा वाघ हा एक पिवळा ठिपका असतो. तो ठिपका मोठा करायचा एकच मार्ग हाताशी राहतो: ड्रायव्हरला सांगायचं, थोडी पुढे घे भाऊ. प्रत्येक गाडीतून कुणीतरी हे म्हणतं.

पण म्हणून मोठ्या लेन्सवाले साधू ठरत नाहीत. सहाशे मिलिमीटर हातात असूनही 'चौकट भरायला' गाडी पुढे घ्यायला लावणारे मी शेजारच्या सीटवर बघितलेत. खोटं कशाला बोलू, एकदा मीही म्हटलंय. चारशेच्या लेन्सने साठ मीटरवरचा वाघ फुलफ्रेम चौकटीचा एक तृतीयांश भाग व्यापतो. बाकी दोन तृतीयांशात जंगल असतं. स्पर्धांत आणि इन्स्टावर हे जंगल चालत नाही, नुसता चेहरा लागतो, पापण्यांसकट. म्हणजे माझा कान आणि त्यांचा वाघाचा डोळा हे एकाच जातीचे फोटो आहेत. कुठे काढला, कशासमोर काढला, काही कळायला जागा नाही. प्राणिसंग्रहालयात काढला असता तरी तोच आला असता.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याची एक गोष्ट मला फार आवडते. टिपेश्वरच्या जंगलात जन्मलेल्या टी१सी१ या वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत भारतीय वन्यजीव संस्थेने रेडिओ कॉलर लावली. जूनमध्ये तो निघाला. शेतं, नाले, रस्ते ओलांडत, तेलंगणात जाऊन परत येत, डिसेंबरात तेराशे किलोमीटर चालून ज्ञानगंगेत पोचला. पुढच्या एप्रिलमध्ये कॉलर काढेपर्यंत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या आसपास गेली होती. सहा महिने तो माणसांच्या शेतांमधून चालत होता आणि त्या चालीची नोंद एकाही सहाशे मिलिमीटरच्या लेन्सने केली नाही. ती उपग्रहावरून आलेल्या ठिपक्यांनी केली, आणि ज्ञानगंगेत पोचल्यावर त्याला टिपलं ते कॅमेरा ट्रॅपने. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेली पेटी. आखूड भिंग, झूम नाही, मागे माणूस नाही. एखाद्या परीक्षकाला ते फोटो दाखवले तर तो कोपऱ्यातल्या तीक्ष्णतेला दहापैकी दोन देईल.

पटावर

माझ्या लेन्सला न्याय मिळाला तो शंकरपटात. बैलगाडा शर्यतींवर २०१४ पासून बंदी होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर आमच्याकडचे पट पुन्हा भरू लागले. खेळ आणि प्राणी एकाच चौकटीत, म्हणजे या लेखाचा विषयच.

सकाळी आठचं ऊन, पटाच्या शेवटी कठड्यामागे मी. जोडी सुटली की दीडशे मीटरवरून सरळ अंगावर येते. सुरुवातीला ५००, मग ४००, ३००, शेवटी १५०. सगळं काही सेकंदांत. इथे एकाच पल्ल्याची दहा लाखांची लेन्स काही कामाची नाही. इथे झूमच पाहिजे. ऊन भरपूर असल्याने एफ/६.३ ची लाज वाटत नाही, १/१६०० ला आयएसओ ५०० पुरतो. धुळीचा पडदा मागून उजळलेला, त्यातून निघणारी दोन वशिंडं, मध्ये गाडी हाकणाऱ्याचे दात. हो, फोटोत दात दिसतात, पण सोबत बैल, दोर, धूळ आणि दोन्हीकडची माणसंही दिसतात. अकरानंतर हवा लहरायला लागली तेव्हा मी लेन्स पिशवीत घातली आणि कठड्यावर टेकून नुसता पट बघितला.

लेन्सच्या आत मात्र धूळ शिरलीच. पुढच्या काचेमागे दोन कण आहेत. फोटोत दिसत नाहीत, मला दिसतात.

बाबांना पटाचे फोटो फोनवर दाखवले. ते बराच वेळ एका जोडीवर थांबले, दोन बोटांनी मोठं करून बैलांचे खूर बघितले, शिंगं बघितली. मग म्हणाले, "उजवा बैल लंगडते, पाय." मी पुन्हा बघितलं. खरंच, तो पुढचा पाय सावरून टाकत होता. सहाशे मिलिमीटरमधून मी ते बघितलंच नव्हतं.

सध्या माझी व्यवस्था अशी आहे. १५०-६०० ठेवली आहे, पट आणि पक्ष्यांसाठी. सामन्यांसाठी ७०-२०० एफ/२.८ दोन-तीन दिवस भाड्याने आणतो. वर्षात तीन-चार वेळा लागते, विकत घेण्यात अर्थ नाही. कुणी नव्याने सुरुवात करत असेल आणि एकच लेन्स परवडत असेल तर मी उलटं सांगेन: आधी जुनी ७०-२०० घ्या, क्रॉप कॅमेऱ्यावर लावा आणि सहाशे भाड्याने आणा. गावात वाघापेक्षा कबड्डी जास्त वेळा असते.

मामेभाऊ आता पंच म्हणून उभा राहतो. गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. गेल्या सामन्यांना मी भाड्याची लेन्स घेऊन गेलो होतो. ८५ वर तो पूर्ण मावतो, बुटांसकट. बोट वर करून तो एका चढाईपटूला बाद देतोय आणि तो पोरगा त्याच्याकडे जीव खाऊन बघतोय, असा एक फोटो आहे. मामीने तो छापून घेतला. भावाने आपला डीपी अजून बदललेला नाही. तिथे कानच आहे.